मागावरची रेघ

१

रस्ता झाडायचं काम संध्याकाळचं. तोडलेल्या काटेरी फांद्यांचा भारा गाडीच्या मागे दोराने बांधायचा आणि सावकाश ओढत न्यायचा. दिवसभराचे माग जातात, वाळू पुसलेल्या पाटीसारखी होते. मग रात्रीतून जे जे रस्ता ओलांडून पाण्यावर उतरतं ते त्या पाटीवर लिहून जातं, आणि सकाळी ते वाचायचं. नवं रान ओळखायची हीच रीत. दुसरी कुठली असेल तर ती कॉलेजात शिकवत असतील. कुंदाईला तिथे बसून तरी ती सापडली नव्हती. वन्यप्राण्यांवर तास घेणाऱ्या मास्तराने जन्मात कधी शेणात पाय घातला नव्हता. तिने एक दिवस भर वर्गात त्याला तसं सांगितलं आणि दप्तर उचलून जी निघाली ती परत गेली नाही.

आता ती ग्वातीझोच्या हाताखाली शिकारीचं काम शिकत होती. ग्वातीझो म्हणजे मालक. पन्नाशी उलटलेला, आवाज मोठा, आणि आपल्याला सगळं कळतं हे दर वाक्यात एकदा सांगणारा. घाटाखालचं, थेट झांबेझी नदीकडे उतरत गेलेलं हे रान कंपनीने यंदा पहिल्यांदाच घेतलं होतं. पुढच्या मोसमात परदेशी गिऱ्हाइकं रानरेडा मारायला येणार. त्याआधी पाणी कुठे टिकतं, कळप कुठून उतरतात, गाडी कुठवर जाते, माणूस कुठे दबा धरून बसेल, हे सगळं ठरवायला ऑक्टोबरच्या भट्टीत चौघं खाली उतरले होते. मालक, कुंदाई, गाडी हाकणारा आणि भांड्यांचं बघणारा टेकशुअर, आणि माग काढणारे सेकुरू झिंदोगा.

सेकुरू म्हणजे मामा, तिच्या आईचे सख्खे भाऊ. खोऱ्यात त्यांचं नाव होतं. ग्वातीझोसुद्धा त्यांना कुळाच्या नावाने ‘मोयो’ म्हणायचा, आणि तो मान मालकाच्या तोंडून उगाच निघत नसे. त्या मानावरच सेकुरू उभे होते, कारण डोळ्यांचं कधीच आटोपलं होतं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती. हे ठाऊक होतं फक्त कुंदाईला. ती मागाच्या कडेने काठीचं टोक वाळूत घासत अर्धं पाऊल पुढे चालायची, आणि त्या आवाजावर सेकुरू चालायचे. माग वळला की काठी वळायची. मागून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पोरीला शिकवतोय.

या नाटकाचा तिला वीट आला होता. ही म्हातारी माणसं खरं बोलत नाहीत ते नाहीत, वर त्या न बोलण्याचं ओझं वाहायला पोरांना जुंपतात.

दुसऱ्या सकाळी ते कोरड्या ओढ्यातून, आदल्या दिवशीच्याच वाटेने परत पाण्याकडे चालले होते. काठी थांबली. सेकुरू थांबले.

वाळूत एक आडवी रेघ होती आणि रेघेवर खोऱ्यातल्या मोपानी झाडाचं एक हिरवं पान.

त्यात काही नवल नव्हतं. अंधार पडायला आला आणि माग अर्ध्यावर सोडावा लागला की खोऱ्यातला प्रत्येक माग काढणारा हेच करतो. जिथवर आलो तिथे मागावर काठीने आडवी रेघ ओढायची, वर हिरवं पान ठेवायचं. म्हणजे इथवर बघितलंय, पुढचं नंतर. परत आलं की पान उचलून बाजूला टाकायचं आणि निघायचं. दुसऱ्याची रेघ दिसली तर त्या मागाला कुणी हात लावत नाही.

खटकलं ते कुंदाईला जरा वेळाने कळलं. ही रेघ रेड्याच्या मागावर नव्हती. त्यांच्याच कालच्या मागावर होती. तीही चौघांच्या नाही. तिच्या आणि मालकाच्या बुटांच्या ठशांमधली जागा धरून, हातभर लांबीची, ती फक्त एका टायरच्या चपलेवर ओढली होती. डाव्या टाचेला खिळा ठोकलेल्या, सेकुरूंच्या चपलेच्या ठशावर.

“मोयो, ही तुमची का?” ग्वातीझोने विचारलं.

सेकुरूंनी मान खाली घातली. रेघेपासून वीतभर बाजूला, कोऱ्या वाळूकडे बघत ते म्हणाले, “माझीच.”

२

मुक्काम आधीच्या कुणा कंपनीच्या जुन्या तळावर होता. विटांच्या चार खोल्या, वर गवताचं छप्पर, सिमेंटची जमीन. दारं कुणीतरी काढून नेली होती, बिजागऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. स्वयंपाकाच्या खोलीत पत्र्याच्या थाळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या आणि त्यांच्यावर बोटभर धूळ बसलेली. टेकशुअर म्हणाला, निदान भांडी घासून पळाले, चांगल्या घरची माणसं असणार.

कुंदाई दिवसभर त्या रेघेचा हिशेब लावत राहिली. सेकुरूंनी ओढली असेल तर त्यांना वाकून आपलाच ठसा शोधावा लागला असता, आणि त्यांना तर पायाखालचा दगड दिसत नव्हता. चोरटे शिकारी असतील तर त्यांनी माणसाच्या मागावर खूण कशाला करावी? त्यांचे ठसे कुठे होते? टेकशुअरला विचारलं तर तो म्हणाला, “इतकी सरळ रेघ मला ओढता आली असती तर मी चौथीत पास झालो असतो.”

शेवटी तिने सेकुरूंना एकटं गाठलं. ते चपलेचा पट्टा चाचपत बसले होते.

“ती रेघ तुमची नाही,” ती म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“तुम्ही बघत होतात दुसरीकडेच.”

“हळू बोल,” एवढंच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. तिला मात्र राग आला. हळू बोल, नंतर बोल, मोठ्यांसमोर बोलू नको. आयुष्यभर हेच.

पुढची रेघ तळाच्या अलीकडच्या वळणावर सापडली. पान तसंच, त्याच चपलेवर. ग्वातीझोने पुढे जाता जाता नुसतं पाहिलं आणि हसला. म्हणाला, मोयो आता स्वतःचाच माग काढायला लागले, म्हातारपण दुसरं काय. सेकुरूही हसले. कुंदाई हसली नाही.

त्या संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या सादझाचा गोळा मोडून सुक्या माशांच्या रश्शात बुडवताना मालकाने नेहमीचं पुराण लावलं. हे पुराण तो पुढच्या वर्षी गिऱ्हाइकांना ऐकवणार होता, म्हणून तालीम. माद्यांना हात लावायचा नाही, तरण्यांना नाही. घ्यायचा तो म्हातारा रेडा. डोळे अधू झालेला, पाय ओढणारा, ज्याचा कळपाला आता उपयोग नाही तो.

“पण घाई करायची नाही,” बोटं चाटत तो म्हणाला. “कळपात आहे तोवर तो तुमचा नाही. शेकडो डोळे असतात त्याच्याभोवती. रेघ ओढा, पान ठेवा, घरी जा. परत या. परत रेघ ओढा. एक दिवस कळपच त्याला बाहेर काढतो. त्या दिवशी पान उचला.”

सेकुरूंचा हात थाळीवर थांबला होता. टेकशुअरने विचारलं, आणखी वाढू का. ते म्हणाले, पोट भरलं.

३

दुपारी त्या रानात कुणी हलत नाही. उन्हाने झाडांची पानंसुद्धा अंग चोरून उभी राहतात. डोळ्यांच्या कडांवर बसणाऱ्या चिलटांना हाकलून हाकलून कुंदाईचा हात भरून आला होता. ती विटांच्या खोलीत सिमेंटवर पाठ टेकून पडली होती. पलीकडच्या भिंतीशी सेकुरू झोपले होते. मालक शेजारच्या खोलीत घोरत होता.

घोरण्याच्या मधल्या फटीत तिला आवाज आला. वाळूत काठीचं टोक घासल्याचा. सर्र. थांबला. सर्र.

हा आवाज तिच्या हाताला ठाऊक होता, कानांच्याही आधी. तिने शेजारी बघितलं. तिची काठी भिंतीला टेकवून उभी होती.

वाऱ्याने फांदी घासत असेल. तळाभोवती वाऱ्याने घासेल अशी फांदी नव्हती हेही तिने लगेच मनात म्हटलं. सरडा असेल. घोरपड असेल, शेपूट ओढत चाललेली. घोरपडीचा आवाज अखंड येतो, पावलागणिक थांबत नाही. तिची अक्कल एकेक कारण पुढे करत होती आणि तीच अक्कल ते खोडत होती, आणि आवाज भिंतीच्या कडेकडेने येत होता.

समोर सेकुरू झोपेतच उठून बसले. डोळे मिटलेले. दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, आता उठून चालायला लागतील असे.

“सेकुरू.”

“चल ना,” ते म्हणाले. “थांबलीस का?”

“मी इथे आहे. इकडे, भिंतीशी.”

त्यांनी आवाजाकडे तोंड वळवलं. बाहेरचा आवाज बंद झाला होता. त्याच्या जागी अगदी हलकी, कापडावर टिचकी मारल्यासारखी एक फट् ऐकू आली.

मग दाराच्या रिकाम्या चौकटीत, उन्हात, राख तरंगत आली. बारीक, करडी, चिमूटभर. माग काढणारा कापडाच्या पुरचुंडीत चुलीची राख बांधून घेतो. पुरचुंडीला टिचकी मारायची आणि राख कुठे जाते ते बघायचं. आपला वास जनावराकडे जात नाही ना, हे कळतं. राख चौकटीपाशी एक क्षण अधांतरी राहिली आणि मग बाहेर, ज्या बाजूने आली त्याच बाजूला परतली.

म्हणजे वारा खोलीकडून बाहेर वाहत होता. आतल्यांचा वास बाहेर जात होता, बाहेरच्याचा आत येत नव्हता. कुंदाईने हे दुसऱ्या बाजूने कितीतरी वेळा केलं होतं. असा वारा लागला की मनात बरं वाटतं.

चौकटीबाहेर डोकावायला तिला जो वेळ लागला तेवढ्यात बाहेर काही उरलं नव्हतं. उंबऱ्याच्या पायरीपाशी, सेकुरूंच्या सकाळच्या पावलावर, रेघ होती. पानाचा देठ अजून ओला होता.

तिने मालकाला उठवलं नाही. उठवून काय सांगणार होती? ही रेघ सेकुरूंची नाही म्हटलं की तो विचारणार, मग माझीच आहे असं ते का म्हणाले. त्याला एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर दिलं की म्हाताऱ्याची भाकरी गेली.

तिने पायाने रेघ पुसली. पानाला हात लावायचं मात्र धाडस झालं नाही. ते तिने पायानेच वाळूत दाबलं.

४

शेवटचं पाणी बघायचं राहिलं होतं. ते बघून घाट चढायचा असं ठरलं. कुंदाईने बरं म्हटलं. गाडी रस्त्यावर ठेवून चौघं मोपानीतून चालत निघाले. तिने काठी वाळूत नेहमीपेक्षा जोरात घासली. आपला आवाज सेकुरूंच्या कानात पक्का बसावा, दुसरा कुठला बसू नये म्हणून.

पाणी म्हणजे चिखलाचं एक ताट उरलं होतं. कळप केव्हाच येऊन गेला होता. चिखलात एकटा म्हातारा रेडा बसला होता. अंगावरचे केस गेलेले, कान फाटलेले, शिंगांची टोकं झिजून बोथट झालेली. ग्वातीझोचा चेहरा उजळला. तो वारुळाआड बसून कुजबुजत बेत आखू लागला. गिऱ्हाईक इथे बसवायचं, बंदूक या फांदीवर टेकवायची, वारा सकाळी असाच असतो का ते टेकशुअरने बघून ठेवायचं. पुढच्या वर्षापर्यंत हा जगतोय का, एवढीच त्याला चिंता.

रेडा उठला. चिखल गळत होता तरी तो हलेना. आधी कुंदाईला वाटलं, आपल्याकडे बघतोय. पण त्याची नजर त्यांच्या डोक्यांवरून मागे गेली होती.

तिने वळून बघितलं.

आलेल्या वाटेवर, उन्हाच्या झळांनी थरथरणाऱ्या खोडांमध्ये, कुणीतरी वाकून उभं होतं. तोंड दिसत नव्हतं. मागावर असणाऱ्याचं तोंड दिसतच नाही, ते जमिनीकडे असतं. उजव्या हातातल्या काठीचं टोक वाळूवर होतं. डावा हात पाठीमागे घेतलेला, पंजा उघडा, बोटं जुळलेली. खोऱ्यातल्या पोरासोरांनाही ती खूण कळते. थांबा, बसा, जनावर समोर आहे.

ती खूण मागून येणाऱ्यांसाठी असते.

रेड्याने नाक फुरफुरवलं. कुंदाईची पापणी लवली, आणि मग तिथे नुसती खोडं होती.

“बॉस, निघायचं. आत्ता.”

“का गं? बघ तरी, काय धूड आहे.”

“कुणीतरी आपल्या मागावर आहे.”

“मोयोंना कसं कळलं नाही मग?” त्याने मान वळवली. “काय हो मोयो, आहे का कुणी?”

सेकुरू गप्प राहिले. एका वाक्याचं काम होतं. नाही म्हणायचं किंवा हो म्हणायचं. तेही त्यांनी केलं नाही, आणि इतक्या वर्षांचा राग कुंदाईच्या तोंडून बाहेर पडला.

“त्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. “दोन्ही डोळ्यांनी. दोन मोसम झाले, माग मी काढतेय. त्या रेघा त्यांच्या नाहीत. त्यांना त्या दिसल्याच नाहीत.”

टेकशुअर जमिनीकडे बघू लागला. ग्वातीझोने पट्ट्यातली एक गोळी काढली, तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला. “घ्या बघू,” तो म्हणाला. ‘मोयो’ असं म्हणाला नाही.

सेकुरूंनी हात पुढे केला. बोटं तळहाताच्या अलीकडे, हवेत मिटली.

ग्वातीझोने गोळी पट्ट्यात परत खोचली. गाडीकडे परतताना ग्वातीझो पुढे चालला, टेकशुअर त्याच्या मागे. कुंदाई काठी घासत चालली. सेकुरू तिच्या काठीमागे आले नाहीत. ते झाडांना हात लावत, आपल्या आपण, बाजूने चालत राहिले. कधी या खोडाला धडकले, कधी त्या.

गाडीपाशी तिने त्यांचा दंड धरला. “मला तुम्हाला इथून बाहेर काढायचं होतं,” ती म्हणाली.

“त्या रेघा माझ्या नाहीत हे मला कळलं नव्हतं होय?” सेकुरू हळू म्हणाले. “चौघांत होतो मी. चौघांतल्याला कोण हात लावतं?”

त्यांनी दंड सोडवून घेतला. घाट चढेपर्यंत ते मागच्या फळीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते.

५

गुरुव्यात, घाटावरच्या त्यांच्या गावी, हवा थंड असते. पहिले काही दिवस कुंदाई मेल्यासारखी झोपली. वर आलो, सुटलो, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते खोटं आहे असं सांगणारंही काही दिसत नव्हतं. ग्वातीझोने माग काढायला दुसरा माणूस ठेवला. संध्याकाळी सेकुरूंच्या अंगणात जे चार जण बिअरचं मडकं मधे ठेवून बसायचे, ते येईनासे झाले. वाईट कुणी बोलत नव्हतं. येत नव्हते, इतकंच. सेकुरू एकटेच आंब्याखाली बसून राहायचे. कुंदाई दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा त्यांनी तोंड फिरवलं.

मग तिने टेकशुअरबरोबर निरोप धाडला. सकाळी येते, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ, साय काढून देतात. टेकशुअर परत येऊन म्हणाला, म्हातारा म्हणाला, येऊ दे.

त्या दोन शब्दांनी तिला रडू आलं. सकाळी साखरेचा पुडा घेऊन ती निघाली तेव्हा ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. सेकुरूंच्या बायको, ज्यांना अख्खी आळी अंबुया म्हणते, चुलीच्या खोपटातून धूर हटवत बाहेर आल्या. अंगण झाडून झालं होतं. घाटावरच्या सगळ्या घरांतल्या बायका उजाडताच गवताच्या केरसुणीने अंगण असं झाडतात, की लाल माती पुसलेल्या पाटीसारखी दिसते.

कुंदाईला बघून अंबुया थबकल्या.

“तू आत्ता येतेस?”

“हो. सेकुरू उठले?”

“उठले? अगं, पहाटेपासून कपडे घालून बसले होते तुझ्यासाठी. मगाशी गेले की तुझ्याबरोबर. मी चूल पेटवत होते, आतून हाक मारून म्हणाले, आली बघ पोरगी, काठी ऐकू येतेय. राग गेला वाटतं तिचा, म्हणाले.” त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. हातात साखरेचा पुडा होता. “तुझी काठी कुठेय?”

कुंदाई खाली बघत होती. दारापासून कोऱ्या मातीवरून टायरची चप्पल फाटकाकडे गेली होती. डाव्या टाचेला खिळा. पावलं लांब, मोकळी, कुठे चाचपडणं नाही. बऱ्याच दिवसांनी भरवशाने टाकलेली. त्यांच्या कडेने, अर्धं पाऊल पुढे, काठीच्या टोकाची बारीक चर, चरीशेजारी दुसरं पाऊल कुणाचंच नाही. उंबऱ्यासमोर हातभर लांबीची आडवी रेघ होती.

रेघेवर पान नव्हतं. ते बाजूला, आंब्याच्या बुंध्याशी टाकलेलं होतं. मोपानीचं, दोन दलांचं, हिरवंगार. मोपानी घाटावर उगवत नाही.

“कसला कचरा पडला बाई,” अंबुया सवयीने म्हणाल्या आणि केरसुणी घ्यायला वाकल्या.

“अंबुया,” कुंदाई म्हणाली, “झाडू नका.”